शेवटच्या वीस मिनिटांचा खेळाडू : गरांग कुओलची गोष्ट



या मालिकेत आपण बहुतेक वेळा सीमा, शेजारी देश, शस्त्रं आणि करार यांबद्दल बोलतो. आज एका फुटबॉलपटूबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव गरांग कुओल. तो ऑस्ट्रेलियाकडून खेळतो, स्ट्रायकर आहे, म्हणजे गोल करण्याची जबाबदारी असलेला आघाडीचा खेळाडू. जन्म २००४ चा, म्हणजे वयाने अगदी तरुण.

निवृत्त सैनिकाने फुटबॉलबद्दल कशाला बोलावं, असं काहींना वाटेल. दोन कारणं आहेत. पहिलं कारण, हा मुलगा निर्वासित घरातला आहे, आणि निर्वासित कसे तयार होतात हे मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत असताना जवळून पाहिलं आहे. दुसरं कारण, त्याची आजवरची बहुतेक कारकीर्द 'रिझर्व' म्हणून गेली आहे, म्हणजे राखीव खेळाडू म्हणून. रिझर्व म्हणजे काय, त्याचा उपयोग कसा होतो आणि त्याची हेळसांड कशी होते, हे सैनिकाला वेगळं शिकवावं लागत नाही.

कुठून निघाला हा मुलगा?

गरांगचे आईवडील दक्षिण सुदानचे. नावावरूनच कळतं. दिंका समाजात गरांग हे फार जुनं नाव आहे. त्यांच्या पुराणकथेत पहिल्या पुरुषाचं नाव गरांग आणि पहिल्या स्त्रीचं नाव अबुक. जगाला हे नाव माहीत झालं ते जॉन गरांग या बंडखोर नेत्यामुळे.

सुदानमधलं दुसरं यादवी युद्ध १९८३ मध्ये सुरू झालं आणि २००५ च्या जानेवारीतल्या शांतता करारापर्यंत चाललं. बावीस वर्षं. उत्तरेत खार्टूमचं सरकार आणि दक्षिणेत बंडखोर. गोळीने मेले त्यापेक्षा भुकेने आणि रोगाने अधिक मेले. एकूण मृत्यू सुमारे वीस लाख मानले जातात आणि घरदार सोडावं लागलेले सुमारे चाळीस लाख. पुढे २०११ मध्ये सार्वमत झालं, जवळजवळ ९९ टक्के लोकांनी वेगळं व्हायचं ठरवलं आणि ९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान हा नवा देश जन्माला आला. अडीच वर्षांत तिथेही यादवी पेटली.

या करारानंतर संयुक्त राष्ट्रांची मोहीम उभी राहिली आणि भारतीय बटालियन मलाकाल भागात गेली. मीही त्या भागात काम केलं आहे. श्वेत नाईलच्या काठची ती काळी माती आपल्या वऱ्हाडातल्या कपाशीच्या जमिनीसारखी. पावसाळ्यात गाडी रुतली की ट्रकच्या मागे ट्रक लावून ओढावी लागे. मुलांना खेळायला कोरडी जागा उरत नसे, म्हणून मुरूम टाकलेल्या हेलिपॅडच्या कडेला ती फुटबॉल खेळत. चेंडू म्हणजे चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा सुतळीने बांधलेला गोळा. पायात काही नाही. उंच, सडपातळ पोरं आणि वाऱ्यासारखा वेग. आमचे जवान संध्याकाळी त्यांच्यात मिसळायचे आणि बहुतेक वेळा हरायचे.

सांगायचं इतकंच की गुण तिथे भरपूर होता. मैदान, बूट, प्रशिक्षक आणि ओळखपत्र यांतलं काहीच नव्हतं.

आमच्या सैन्याने त्या भूमीवर किंमतही मोजली आहे. ९ एप्रिल २०१३ रोजी जोंगलेई राज्यात गुमुरुकजवळ ताफ्यावर झालेल्या हल्ल्यात पाच भारतीय सैनिक हुतात्मा झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अकोबोच्या तळावर आश्रयाला आलेल्या लोकांचं रक्षण करताना आणखी दोघे गेले. म्हणून दक्षिण सुदान हा माझ्यासाठी नकाशावरचा लांबचा तुकडा नाही.

निर्वासित म्हणजे नेमकं कोण?

हा शब्द आपण सैल वापरतो. पोटासाठी दुसऱ्या देशात गेलेला माणूस स्थलांतरित असतो. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित तो, ज्याला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत अशा कारणांनी छळाची रास्त भीती आहे आणि म्हणून जो स्वतःच्या देशाबाहेर आहे. भारताने या करारावर सही केलेली नाही, तरीही आपण तिबेटी, श्रीलंकन तमिळ आणि इतर अनेकांना आसरा दिला आहे. तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

निर्वासितापुढे साधारण तीन वाटा असतात. शांतता झाली की घरी परतणं. ज्या देशात आसरा घेतला तिथेच रुजणं. किंवा तिसऱ्या एखाद्या देशाने कायमचं स्वीकारणं. या तिसऱ्या वाटेला पुनर्वसन म्हणतात. ती वाट फार अरुंद आहे. जगातल्या एकूण निर्वासितांपैकी दर वर्षी एक टक्क्याहूनही कमी लोकांना ती मिळते.

कुओल कुटुंब सुदान सोडून इजिप्तला गेलं. थोरला मुलगा अलू २००१ मध्ये खार्टूमला जन्मला होता. गरांगचा जन्म १५ सप्टेंबर २००४ चा, इजिप्तमधला. त्या काळात कैरोत सुदानी निर्वासितांची अवस्था काय होती, याची कल्पना एका घटनेवरून यावी. २००५ च्या अखेरीस शेकडो सुदानी कुटुंबं कैरोतल्या मुस्तफा महमूद चौकात तीन महिने ठाण मांडून बसली होती. आम्हाला तिसऱ्या देशात पाठवा, एवढीच मागणी. डिसेंबरच्या शेवटी पोलिसांनी चौक रिकामा केला, त्यात वीसहून अधिक माणसं मेली. त्यांत लहान मुलंही होती.

गरांग तेव्हा सव्वा वर्षाचा होता. त्याच्या कुटुंबाला ऑस्ट्रेलियाने स्वीकारलं. तो फुटबॉल खेळेल म्हणून कोणी व्हिसा दिला नव्हता. जीव धोक्यात असलेलं एक कुटुंब म्हणून दिला. मला वाटतं, या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो कुठल्याही मैदानावर झाला नाही.

शेपार्टन : दुसरं दार

कुटुंब राहिलं ते शेपार्टन या गावात. मेलबर्नपासून उत्तरेला सुमारे १८० किलोमीटर. नाशिकला जशी द्राक्षं, तशी इथे नासपती, पीच आणि जर्दाळू. फळबागा, कॅनॉलचं पाणी आणि फळं डबाबंद करण्याचे कारखाने. बागेत आणि कारखान्यात हात लागतात, म्हणून या गावात पिढ्यान्‌पिढ्या बाहेरची माणसं येत राहिली. पूर्वी इटालियन आणि अल्बेनियन, नंतर इराकी, अफगाण, सुदानी, काँगोचे. भाषा न येणाऱ्या माणसालाही इथे पहिलं काम मिळू शकतं.

अशा गावात एक गोष्ट नकळत घडते. पोरांना एकमेकांची भाषा येत नसली तरी चेंडू सगळ्यांना कळतो. कुओल भावंडं अशीच खेळत वाढली. गावाजवळचा गोलबर्न व्हॅली सन्स नावाचा छोटा क्लब होता, तिथे नावनोंदणी, वेळापत्रक आणि शिस्त आली. तिथून पुढे न्यू साउथ वेल्समधल्या गॉसफर्डचा सेंट्रल कोस्ट मरिनर्स. आधी अलू गेला आणि त्याच्या मागून गरांग.

मरिनर्स हा ऑस्ट्रेलियाच्या लीगमधला कमी पैशांचा क्लब. मोठे खेळाडू विकत घेणं परवडत नाही, म्हणून तो तरुण मुलं शोधतो, घडवतो आणि विकतो. प्रशिक्षक होते निक माँटगोमेरी. श्रीमंत क्लबमध्ये सतरा वर्षांच्या मुलाला जी संधी मिळाली नसती, ती गरीब क्लबमध्ये मिळाली, कारण क्लबलाही त्याची गरज होती.

रिझर्व म्हणजे उरलेला माणूस नव्हे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

२०२१-२२ च्या मोसमात गरांग लीगचे नऊ सामने खेळला. नऊच्या नऊ वेळा तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि त्यात चार गोल केले. एकदाही सुरुवातीच्या अकरांत नव्हता.

सैन्यात नवशिक्याला वाटतं की रिझर्व म्हणजे ज्यांना पहिल्या फळीत जागा मिळाली नाही ते. तसं नसतं. कमांडर आपली राखीव तुकडी हातात धरून ठेवतो. शत्रू कुठे दमला आहे, फळी कुठे पातळ झाली आहे, हे दिसलं की ती तिथे घालतो. रिझर्व लवकर वापरलं तर वाया जातं, उशिरा वापरलं तर उपयोग नसतो. लढाईचा निकाल अनेकदा या एका निर्णयावर लागतो.

फुटबॉलमध्येही हेच आहे. सत्तर मिनिटं धावून बचाव करणाऱ्यांचे पाय जड होतात. दोन बचावपटूंमधलं अंतर वाढतं. अशा वेळी ताज्या दमाचा, वेगवान आणि न घाबरणारा पोरगा आत आला की दमलेल्या माणसाला वळायलाही वेळ मिळत नाही. पूर्वी एका सामन्यात तीनच बदल करता येत. करोनाच्या काळात तात्पुरती पाच बदलांची सवलत मिळाली आणि २०२२ मध्ये ती कायमची झाली. त्यामुळे बाकावरच्या माणसाचं महत्त्व आणखी वाढलं.

मे २०२२ मध्ये बार्सिलोनाचा संघ सिडनीला आला. त्याच्याविरुद्ध ऑस्ट्रेलियन लीगच्या निवडक खेळाडूंचा संघ उतरला. बार्सिलोनाने सामना ३-२ असा जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो उत्तरार्धात आलेला सतरा वर्षांचा गरांग. २५ सप्टेंबर २०२२ रोजी ऑकलंडला न्यूझीलंडविरुद्ध तो देशाकडून पहिल्यांदा खेळला, अर्थातच बदली म्हणून. अठरावा वाढदिवस होऊन दहाच दिवस झाले होते. काही मिनिटांतच त्याच्यामुळे पेनल्टी मिळाली आणि ती जेसन कमिंग्जने गोलमध्ये घातली. हा कमिंग्ज म्हणजे मरिनर्समधलाच त्याचा सहकारी, जो पुढे २०२३ मध्ये आपल्या मोहन बागानकडे आला. कोलकात्यातल्या मराठी मंडळींनी त्याला सॉल्ट लेकवर पाहिलं असेल.

त्याच महिन्याच्या अखेरीस इंग्लंडच्या न्यूकॅसल युनायटेडने गरांगला करारबद्ध केलं. लीगचा एकही सामना पहिल्या मिनिटापासून न खेळलेला मुलगा प्रीमियर लीगच्या क्लबकडे निघाला होता.

कतारमधले ते सात वार

विश्वचषक २०२२, कतार. ऑस्ट्रेलिया तिथे कसा पोहोचला, तेही ऐका. १३ जून २०२२ रोजी पात्रतेचा शेवटचा सामना पेरूविरुद्ध, कतारमध्येच. पेनल्टींवर निकाल. ऑस्ट्रेलियाची सहावी पेनल्टी आवेर माबिलने मारली. हा केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीत जन्मलेला, दक्षिण सुदानी आईवडिलांचा मुलगा. त्यानंतर पेरूचा फटका अडवला अँड्र्यू रेडमेनने, आणि हा गोलरक्षक खास पेनल्टींसाठी शेवटच्या क्षणी बाकावरून आत आणला होता. रिझर्वचा इतका चोख वापर मी क्वचित पाहिला आहे.

विश्वचषकाच्या संघात माबिल, नैरोबीत जन्मलेला थॉमस डेंग आणि गरांग असे दक्षिण सुदानी मुळांचे तिघे होते. २२ नोव्हेंबरला फ्रान्सविरुद्ध गरांग उतरला. वय १८ वर्षे ६८ दिवस. विश्वचषकात खेळलेला तो सर्वांत लहान ऑस्ट्रेलियन.

३ डिसेंबरला बाद फेरीत समोर अर्जेंटिना आणि मेस्सी. अर्जेंटिना पुढे. पुन्हा उत्तरार्धात गरांग आत. १९५८ च्या पेलेनंतर विश्वचषकाच्या बाद फेरीत इतक्या लहान वयाचा कोणी खेळला नव्हता. वाढीव वेळेच्या सातव्या मिनिटाला, म्हणजे अगदी अखेरीला, गोलपासून काही पावलांवर त्याला चेंडू मिळाला. तो वळला, फटका मारला आणि गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझने पुढे झेपावून तो अडवला. तो गोल झाला असता तर सामना जादा वेळेत गेला असता.

बरोबर पंधरा दिवसांनी अंतिम सामन्यात, तसाच शेवटच्या क्षणी, याच मार्टिनेझने फ्रान्सच्या कोलो मुआनीचा फटका पायाने अडवला. कोलो मुआनीही त्या दिवशी बदली खेळाडू होता. म्हणजे गरांगने काही सोपी संधी घालवली, असं म्हणता येणार नाही. समोर त्या स्पर्धेतला सर्वोत्तम गोलरक्षक होता.

नंतर काय झालं?

बहुतेक लेख आणि बातम्या इथे संपतात. छावणीतून विश्वचषकापर्यंत, टाळ्या, पडदा. मला खरी गोष्ट इथून पुढे दिसते.

जानेवारी २०२३ मध्ये गरांग न्यूकॅसलला पोहोचला. या क्लबचा ताबा २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियाच्या गुंतवणूक निधीच्या नेतृत्वाखालील गटाकडे गेला होता. पैसा आला, तयार खेळाडू आले, क्लब त्या मोसमात चौथा आला आणि चॅम्पियन्स लीगला पात्र ठरला. क्लब जितका वर गेला, तितका शिकाऊ मुलाचा रस्ता लांबला. गरांगला लगेच 'लोन'वर स्कॉटलंडच्या हार्ट्सकडे पाठवलं.

लोन म्हणजे काय? खेळाडू मालकीचा एका क्लबचा, खेळतो ठरावीक काळ दुसऱ्याकडे. आपल्या सैन्यात अधिकाऱ्याला दुसऱ्या युनिटमध्ये 'अटॅचमेंट'वर पाठवतात, तसंच. ज्यांनी हे भोगलं आहे त्यांना माहीत आहे. चांगला सी.ओ. भेटला तर माणूस सहा महिन्यांत दोन वर्षांचं शिकतो. नाही तर 'हा काय, जाणारच आहे' म्हणून कोणी त्याच्यावर वेळ घालवत नाही. पाहुण्या खेळाडूला घडवण्यात यजमान क्लबचा फायदा मर्यादित असतो. त्याला आज जिंकायचं असतं.

हार्ट्समध्ये मोसम संपत आलेला असताना, एप्रिलमध्ये मुख्य प्रशिक्षकच बदलला. गरांगला थोडेच सामने मिळाले. मे महिन्यात रेंजर्सच्या मैदानावर त्याने शेवटच्या क्षणी गोल करून २-२ अशी बरोबरी साधली, एवढी एक ठळक आठवण राहिली. पुढच्या मोसमात नेदरलँड्सचा फोलेंडाम. तिथेही मोसमाच्या मध्यात प्रशिक्षक गेला आणि क्लब खालच्या श्रेणीत घसरला. बुडत्या जहाजावर प्रशिक्षण होत नाही. त्यानंतर न्यूकॅसलचा २१ वर्षांखालील संघ. मुख्य संघाकडून अधिकृत सामना त्याला मिळालाच नाही. २०२५ मध्ये तो चेक प्रजासत्ताकातल्या स्पार्टा प्रागकडे गेला.

दोन-अडीच वर्षांत इंग्लंड, स्कॉटलंड, नेदरलँड्स आणि मग प्राग. तेव्हा वय वीस. प्रत्येक ठिकाणी नवी खोली, नवी भाषा, नवे सहकारी. निर्वासिताच्या मुलाने पुन्हा एकदा गाव बदलत राहायचं, फक्त या वेळी हातात चांगली बॅग आणि पक्का पासपोर्ट. हा फरक छोटा नाही, पण एकटेपणा तोच.

इथे रिझर्वची दुसरी बाजू लक्षात घ्या. राखीव तुकडी वेळेवर वापरली तर निकाल फिरवते. पण जी तुकडी कायम राखीवच राहते, ती कसलेली होत नाही. पहिल्या मिनिटापासून खेळणं हे वेगळं काम आहे. दम राखावा लागतो, चूक करून पुढची साठ मिनिटं तिच्यासकट खेळावं लागतं. हे बाकावर बसून शिकता येत नाही. स्ट्रायकरला तर गोल करायला शिकण्यासाठी गोल चुकवण्याची मुभा लागते.

त्याच क्लबातला दुसरा स्ट्रायकर

तुलनेसाठी एक नाव देतो. अलेक्झांडर इसाक. इरिट्रियातून स्वीडनला आलेल्या आईवडिलांचा मुलगा, जन्म १९९९ चा. गरांग न्यूकॅसलला पोहोचला तेव्हा तिथला महागडा स्ट्रायकर हाच होता.

इसाकही सतरा वर्षांचा असताना, २०१७ मध्ये, जर्मनीच्या डॉर्टमुंडने उचलला. दोन वर्षांत लीगचे सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जाणकारांनी त्याला जवळजवळ बाजूला काढलं होतं. २०१९ मध्ये तो लोनवर नेदरलँड्सच्या विलेम टू या छोट्या क्लबकडे गेला. तिथे त्याला सतत खेळवलं. सोळा लीग सामने, तेरा गोल. तिथून स्पेनचा रेआल सोसिएदाद, २०२२ मध्ये न्यूकॅसल आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूल, सुमारे साडेबारा कोटी पाउंडांना, जो ब्रिटनमधला विक्रमी सौदा ठरला.

दोघांचा पहिला टप्पा सारखाच आहे. लवकर विक्री, मोठा क्लब, बाक, लोन. इसाकचा एक लोन लागू पडला. कौशल्यात फरक असेलही, मी फुटबॉलचा पंडित नाही. पण सोळा सामने सलग खेळायला मिळणं आणि न मिळणं, यातला फरक समजायला पंडित असण्याची गरज नाही.

आणि घरातलंच उदाहरण पाहा. थोरला भाऊ अलू. तोही मरिनर्समधून २०२१ मध्ये जर्मनीच्या श्टुटगार्टकडे गेला. तिथल्या मुख्य संघात बस्तान बसलं नाही, लोन झाला आणि शेवटी तो मरिनर्सकडे परतला. लोक याला अपयश म्हणतात. २०२४ मध्ये हाच मरिनर्स एएफसी कप खेळत होता. आंतरविभागीय उपांत्य फेरीत त्यांनी आपल्या ओडिशा एफसीला गॉसफर्डमध्ये ४-० ने हरवलं आणि भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर सामना ०-० असा सोडवला. ५ मे २०२४ रोजी मस्कतला अंतिम सामना झाला. लेबनॉनच्या अल-अहदविरुद्ध १-०. शेवटच्या काही मिनिटांत आलेला तो एकमेव गोल अलू कुओलचा, आणि तोही बाकावरून आत आलेला. मागे फिरणं म्हणजे पळणं नसतं. सैन्यात माघार ही सुद्धा एक लष्करी हालचालच मानतात. नीट केली तर पुढच्या चढाईसाठी माणूस शिल्लक राहतो.

उपकाराचं ओझं

आता एक नाजूक मुद्दा.

२०१६ ते २०१८ च्या सुमारास मेलबर्नमध्ये 'आफ्रिकन टोळ्या' हा शब्द वर्तमानपत्रांत आणि निवडणुकीच्या भाषणांत रोज यायचा. काही तरुणांनी गुन्हे केले होते, हे खरं. पण संशय प्रत्येक काळ्या, उंच मुलावर आला. चार वर्षांनी त्याच समाजातली मुलं विश्वचषकात गेली, तेव्हा तेच देशाचा अभिमान झाली. माबिलने पेरूविरुद्धची पेनल्टी हे आपल्या कुटुंबातर्फे ऑस्ट्रेलियाला दिलेले धन्यवाद आहेत, असं म्हटलं. २०२३ मध्ये त्याला त्या देशाचा 'यंग ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' सन्मान मिळाला.

मला ते ऐकून बरं वाटलं आणि थोडं खटकलंही. सुरक्षेच्या क्षेत्रात काम केलेला माणूस म्हणून मी सांगेन की कोणत्याही देशाला आपल्या सीमेतून कोण आत येतं, हे तपासण्याचा पूर्ण हक्क आहे. तपासायलाच हवं. पण एकदा तपासून आत घेतलं की त्या माणसाला साधा नागरिक होण्याची मुभा हवी. शेपार्टनच्या बागेत नासपती तोडणाऱ्या, रोज वेळेवर कामाला जाणाऱ्या निर्वासिताने काय सिद्ध करायचं? त्याला अर्जेंटिनाविरुद्ध गोल मारायची संधी मिळणार नाही. त्याचं मोल विश्वचषकाने ठरू नये. आणि गरांगचा फटका अडवला गेला म्हणून त्याच्या कुटुंबाला आसरा देण्याचा निर्णय एक तिळभरही कमी योग्य ठरत नाही.

आपल्याला हे परकं नाही. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून लाखो माणसं कोलकात्यात आली. राहायला जागा नाही, स्थानिकांची नाराजी. त्यांना आपलं म्हणायला एक क्लब मिळाला, १९२० मध्ये स्थापन झालेला ईस्ट बंगाल. लाल-सोनेरी रंगाचा शर्ट हाच त्यांचा पत्ता झाला. महाराष्ट्रात कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले आणि तिथे उल्हासनगर उभं राहिलं. छावणीचं शहर व्हायला एक पिढी पुरली, कारण दुकान टाकायला कोणी अडवलं नाही.

मग यातून घ्यायचं काय?

अनेक पालक मला विचारतात, मुलगा चांगला खेळतो, मोठ्या अकादमीत घालू का? माझं उत्तर गरांगच्या कारकिर्दीत आहे.

पहिलं, अकादमीचं नाव विचारण्याआधी मुलाला खेळायला किती मिनिटं मिळतील, ते विचारा. मोठ्या नावाच्या बाकापेक्षा लहान मैदानावरचे नव्वद मिनिटं या वयात अधिक शिकवतात.

दुसरं, मुलाला पाठवताय ती जागा कोणाच्या भरवशावर आहे, ते पाहा. ज्या प्रशिक्षकाने त्याला निवडलं, तो सहा महिन्यांनी असेल का? माणूस बदलला की योजना बदलते.

तिसरं, अठराव्या वर्षी मिळालेली प्रसिद्धी ही कारकीर्द नव्हे. ती फक्त ओळख परेड. स्ट्रायकरची उमेदीची वर्षं साधारण तेविसाव्या वर्षापासून पुढे असतात.

चौथं, बाकावर बसावं लागलं तर कसं बसायचं, हेही शिकवा. हात बांधून, तोंड पाडून बसणारा जवान रिझर्वच्या कामाचा नसतो. समोरचा बचावपटू कोणत्या पायावर दमला आहे, हे बघत बसणारा कामाचा असतो. गरांग आत येताक्षणी परिणाम करतो, याचं कारण तो बाकावरूनच खेळायला सुरुवात करतो, असं मला वाटतं.

गरांग कुओलचं पुढे काय होईल, हे आत्ता कोणी ठरवू नये. तो मोठा स्ट्रायकर होईल किंवा एक चांगला, साधा व्यावसायिक खेळाडू राहील. दोन्ही सन्मानाचंच आहे. एका देशाने त्याच्यासाठी दार उघडलं, एका गावाने मैदान दिलं, एका गरीब क्लबने विश्वास दाखवला. आता त्याला हवी आहेत ती मिनिटं. ती त्याला मिळोत.

पुढच्या भागात भेटूया. जय हिंद.